गोदाम दुसऱ्याचं

सुपरमॅनला लोळवायला क्रिप्टोनाइट लागतं. त्याच्या जन्मदात्यांना १३० डॉलर पुरले.

चेकवरची तारीख १ मार्च १९३८. जेरी सीगल लिहिणारा, जो शुस्टर चित्रं काढणारा. दोघं क्लीव्हलँडचे, वय वर्षं तेवीस. चेक एकूण ४१२ डॉलरचा, पण त्यात इतर कामांचेही पैसे होते. सुपरमॅनच्या वाट्याचे १३०, सर्व हक्कांसकट, कायमचे. चेकवर दोघांचीही नावं चुकीची पडली होती, त्यामुळे पाठीमागे प्रत्येकाने दोन-दोन सह्या केल्या, एक चुकलेल्या नावाने आणि एक खऱ्या. नाव धड लिहायचे कष्ट घ्यायचे नाहीत, सही मात्र दुप्पट घ्यायची, हा प्रकाशनव्यवसायाचा शिरस्ता तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. १९७५ मध्ये, सुपरमॅनचा मोठा सिनेमा येऊ घातला होता आणि वर्तमानपत्रांतून पुरेसा बोभाटाही झाला होता, तेव्हा कुठे हक्कांची मालक असलेल्या डीसी कंपनीला पाझर फुटला. साठी उलटलेल्या दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर आणि नावापुरतं नाव मिळालं. चेकचं नशीब जास्त चांगलं निघालं. २०१२ साली लिलावात तो १ लाख ६० हजार डॉलरना गेला.

अमेरिकेतल्या स्वतंत्र कॉमिक्सची भरभराट, क्रांती, जे काय म्हणायचं ते, या सहीपासून सुरू होते. पात्राचे हक्क आपले, छापायचं आपण, नफा आपला. ऐकायला झकास. यात ‘तोटाही आपला’ हे कलम घाईत राहून गेलं आणि ‘माल ठेवायचा कुठे’ हे तर कुणी विचारलंच नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत या धंद्यात जी नाटकं झाली, ती सगळी या दोन राहून गेलेल्या कलमांवर.

आधी थोडं सोवळ्याबद्दल. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी सरकारने सांगण्याआधीच स्वतःसाठी आचारसंहिता करून टाकली. व्हॅम्पायर बंद, चालती मढी बंद. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको. प्रत्येक गोष्टीत शेवटी सत्याचाच विजय. कुणाला हे ओळखीचं वाटलं तर तो निव्वळ योगायोग समजावा. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात संहितेचा शिक्का नसला की विक्रेते अंकाला हात लावायला कचरायचे. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्बने शिक्क्याबिक्क्याच्या भानगडीत न पडता ‘झॅप कॉमिक्स’ काढलं आणि प्रती बाबागाडीत रचून रस्त्यावर विकल्या. पुढे हा माल चिलमी विकणाऱ्या दुकानांत जाऊन बसला. चिलमींवर कायद्याची वक्रदृष्टी पडली, दुकानं गेली, कॉमिक्सही गेली. माल दुसऱ्याच्या फळीवर ठेवला की काय होतं, याचा पहिला धडा तिथेच मिळाला होता. गिरवला कुणी नाही.

खरी क्रांती केली एका शाळामास्तरांनी, आणि तीही चित्रांत नाही, हिशेबात. फिल स्यूलिंग ब्रुकलिनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि फावल्या वेळात कॉमिक्सचे मेळावे भरवायचे. तोवरची पद्धत अशी होती की अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर जायचे, न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठं फाडून प्रकाशकाकडे परत यायची, त्याचे पैसे वळते व्हायचे आणि उरलेला अंक रद्दीत जायचा. निदान रद्दीत जायचा असं कागदोपत्री तरी होतं. स्यूलिंग मास्तर १९७३ च्या सुमारास मोठ्या प्रकाशकांना म्हणाले, मला सूट जास्त द्या, मी एकही अंक परत करणार नाही. झालं. कॉमिक्सच्या दुकानाने आधी मागणी नोंदवायची, तेवढ्याच प्रती पाठवायच्या, उरलं ते दुकानदाराच्या बोडक्यावर.

परत न येणारा माल! मराठी प्रकाशकाला हे वाक्य वाचून भोवळ आली असेल तर त्याने जरा पाणी प्यावं. पण या एका अटीने लाखांच्या खपाचा बागुलबुवा संपला. तीन हजार प्रती काढणारा माणूसही दोन महिने आधी कळलेल्या मागणीवर छापखान्यात जाऊन उभा राहू लागला. कॅनडात डेव्ह सिमने ‘सेरेबस’ डिसेंबर १९७७ मध्ये सुरू केलं, तीनशे अंक काढीन म्हणाला आणि २००४ मध्ये तीनशेवा काढून थांबला. इकडे तीनशे अंक चालवीन म्हणणारे संपादक पुष्कळ भेटतात. त्यांचा संकल्प सहसा चौथ्या अंकाला संयुक्त अंक काढून पूर्ण होतो.

या सगळ्यांत शहाणा एकच, हार्वी पीकर. क्लीव्हलँडच्या सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून. चित्र येत नव्हतं, म्हणून काड्यांची माणसं काढून द्यायचा आणि क्रम्बसारखे मित्र त्यांत हाडंमांस भरायचे. १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ पदरच्या पैशाने काढत राहिला. त्यात विषय काय, तर रांगेत पुढे उभी असलेली बाई, हरवलेल्या किल्ल्या, हापिसातली कुरबुर. टीव्हीवर झळकला, त्याच्यावर सिनेमा निघाला, पण २००१ साली निवृत्त होईपर्यंत त्याने फायलींची नोकरी काही सोडली नाही. हा माणूस मनाने नक्कीच पुण्याचा असणार.

बाकीच्यांचं डोकं फिरवलं ते कासवांनी. मे १९८४, न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावचं एक हॉटेल, कॉमिक्सचा छोटासा मेळावा. टेबलामागे केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड. समोर ‘टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स’चा गठ्ठा, सगळ्या मिळून तीनेक हजार प्रती, किंमत दीड डॉलर. भांडवल म्हणजे परत मिळालेला आयकर आणि एका काकांचं कर्ज. स्टुडिओचं नाव ‘मिराज’, कारण स्टुडिओ नव्हताच, घरातली बैठकीची खोली होती. आत सगळं काळं-पांढरं. त्याला लोक पुढे शैली वगैरे म्हणाले. छापखान्यात उभं राहिलेल्या कुणालाही खरं कारण ठाऊक असतं. रंगीत म्हटलं की चार प्लेटा, चारदा शाई, चौपट कटकट. चारही कासवांच्या डोळ्यांवरची पट्टी तेव्हा लालच होती. निळी, जांभळी, नारिंगी हे लाड टीव्ही मालिका आणि खेळणी आल्यावर सुरू झाले, कारण एकाच रंगाचं कासव पोरं चारदा विकत घेत नाहीत.

कासवं धावली. मग अमेरिकेत ज्याच्या ज्याच्याकडे पेन्सिल होती त्याने चित्रविचित्र प्राणी काढून काळ्या-पांढऱ्यात छापायला सुरुवात केली. १९८६ मध्ये ‘अडोलेसंट रेडिओअॅक्टिव्ह ब्लॅक बेल्ट हॅमस्टर्स’ नावाचं कॉमिक निघालं. हे मी रचलेलं नाही. कुंग-फू करणारे कांगारूही निघाले. पुढच्या कासवाचा पहिला अंक आपल्याकडे असावा म्हणून दुकानदारांनी खोकीच्या खोकी भरून ठेवली. आणि मग त्यांना मास्तरांची अट आठवली. माल परत घेतला जात नाही. १९८७ पर्यंत दुकानांच्या मागच्या खोल्या किरणोत्सारी हॅमस्टरांनी भरल्या होत्या, पुष्कळ दुकानं बसली आणि त्यांच्यासोबत ज्यांनी बरी कॉमिक्स काढली होती असे प्रकाशकही बसले. आपल्याकडे रंकाळ्यापासून वरळीपर्यंत एकाच वर्षी फ्रँकीची दुकानं निघतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच गाळ्यांत मोबाइलची कव्हरं लटकतात, तसंच.

कासववाल्यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ईस्टमनने कासवांचे पैसे ओतून १९९० मध्ये ‘टुंड्रा’ ही प्रकाशनसंस्था काढली. कलावंतांना पूर्ण मोकळीक, हक्क त्यांचे, आगाऊ रक्कम भरघोस. कलावंतांनी मोकळीक इतकी मनापासून घेतली की तीन वर्षांत काही दशलक्ष डॉलर आणि ‘टुंड्रा’ दोन्ही संपलं. लेअर्डने शांत डोक्याने एक प्रतिष्ठान काढलं आणि नवख्यांना पहिलं कॉमिक स्वतः छापायला अनुदान दिलं, ते वीस वर्षं चाललं. एकाने बंगला बांधायला घेतला, दुसऱ्याने विटा वाटल्या. कासवं शेवटी २००९ साली टीव्हीवाल्या बड्या कंपनीला सहा कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली.

आता सात बंडखोर. १९९२. टॉड मॅकफार्लन, जिम ली, रॉब लायफेल्ड आणि आणखी चौघे, मार्व्हलच्या गळ्यातले ताईत. आदल्याच वर्षी जिम लीने काढलेल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती गेल्या होत्या. गेल्या म्हणजे दुकानांत गेल्या. वाचकांच्या घरी किती पोचल्या ते मास्तरांच्या अटीलाच ठाऊक. हे सातजण उठले आणि त्यांनी ‘इमेज कॉमिक्स’ काढली. तत्त्व सोपं. कंपनी कुणाच्याही पात्राची मालक होणार नाही आणि एका भागीदाराने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. मॅकफार्लनच्या ‘स्पॉन’चा पहिला अंक सतरा लाखांवर गेला.

एक चित्रकार नोकरी सोडून स्वतःचं काढतो तेव्हा पुढे काय होतं ते महाराष्ट्राला अमेरिकेने शिकवायला नको. १९६० साली फ्री प्रेस सोडलेल्या एका व्यंगचित्रकाराने ‘मार्मिक’ काढलं आणि सहा वर्षांत पक्ष काढला. इथे तर सात होते, आणि प्रत्येकजण आपापला पक्ष.

पुढच्या वर्षी मॅकफार्लनने नील गेमनकडून ‘स्पॉन’चा एक अंक लिहून घेतला. त्यात काही नवी पात्रं आली. ती कुणाची? यावर खटला उभा राहिला आणि २००२ मध्ये निकाल गेमनच्या बाजूने लागला. ज्या कंपनीत निर्मात्याचे हक्क हे ब्रीद, तिच्या संस्थापकाला निर्मात्याचे हक्क काय ते कोर्टाच्या ज्युरीने समजावले. जिम लीने ‘इमेज’मधलं आपलं खातं १९९८ मध्ये डीसीला, म्हणजे त्या १३० डॉलरवाल्या घराण्याला, विकायचं ठरवलं आणि आता तो तिथला सर्वोच्च साहेब आहे. सगळ्यांत गंमत नोव्हेंबर २०२१ ची. ‘इमेज’च्या हापिसातल्या कर्मचाऱ्यांनी युनियन काढली. व्यवस्थापनाने आपणहून मान्यता दिली नाही, रीतसर मतदान झालं, युनियन जिंकली. बंडखोराच्या हापिसात फाइल सांभाळणाऱ्याला बंड करावंसं वाटतं तेव्हाच समजावं की संस्था प्रौढ झाली. अर्थात ‘इमेज’ने चांगलंही पुष्कळ केलं. ‘वॉकिंग डेड’ तिथलंच, आणि त्यातली चालती मढी पाहिली असती तर वर्थमसाहेबांनी दुसरं पुस्तक लिहिलं असतं.

पण हे सगळे मालकाशी भांडत होते तेव्हा गोदामाकडे कुणाचं लक्ष होतं? १९९४ संपता संपता मार्व्हलने एक वितरक कंपनीच विकत घेतली आणि आमचे अंक फक्त इथूनच मिळतील असं जाहीर केलं. बाकीचे बडे घाबरून ‘डायमंड’ नावाच्या दुसऱ्या वितरकाच्या आसऱ्याला धावले. बारके वितरक मेले. ती वितरणकंपनी मार्व्हललाच झेपली नाही, मार्व्हलने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी अंकांची खोकी घेऊन मुकाट डायमंडच्या दारात उभी राहिली. आता अख्ख्या देशात कॉमिक्सच्या दुकानांना माल पोचवणारा एकच दादला. न्याय खात्याने मक्तेदारीची चौकशी केली आणि २००० साली बंदही केली. चौकशांचं आपल्याला काही अप्रूप नाही.

पाव शतक स्वतंत्र प्रकाशकांचं स्वातंत्र्य डायमंडच्या मासिक सूचीत छापून यायचं. सूचीत जागा मिळाली तर प्रकाशक, नाही तर हौशी. मग २०२० मध्ये डीसी बाहेर पडली, पुढच्या वर्षी मार्व्हलने पेंग्विन रँडम हाउसची वाट धरली. मोठी गिऱ्हाइकं गेली, बारकी राहिली, कारण त्यांना जायला जागाच नव्हती. १४ जानेवारी २०२५ ला डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज टाकला.

आणि इथे मराठी प्रकाशकाने पुन्हा पाणी प्यावं. डायमंडच्या गोदामात शंभराहून जास्त प्रकाशकांचा माल पडून होता, विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवलेला. म्हणजे आपल्याकडचं ‘ठेवून जा हो, खपली की बघू’. माल प्रकाशकाचा, छपाईचा खर्च प्रकाशकाचा, फक्त गोदाम डायमंडचं. जून २०२५ मध्ये डायमंडने कोर्टाकडे परवानगी मागितली की हा ठेवलेला माल विकून आमच्या कर्जदात्या बँकेचे पैसे भागवू द्या. बँक जेपी मॉर्गन चेस. हॅमस्टर, भुतं, बंडखोर, आत्मचरित्रं, पन्नासेक वर्षांची सगळी स्वातंत्र्यलढ्याची पुंजी आणि ती विकून कर्ज फेडायचं कुणाचं, तर त्या प्रकाशकांनी जिचं तोंडही पाहिलं नाही अशा बँकेचं. प्रकाशक हरकती घेऊन कोर्टात धावले. कर्ज न काढता कर्जबाजारी व्हायची ही सोय सीगल-शुस्टरना सुद्धा नव्हती.

मग काय, आता थेट वाचकाकडे जाऊ म्हणतात. किकस्टार्टर २००९ पासून आहे. आधी पैसे गोळा करा, मग छापा. गरीब चित्रकारासाठी उत्तम सोय. २०२० मध्ये या सोयीचा लाभ घ्यायला कोण आलं, तर कियानू रीव्ज. ‘बूम’ या स्वतंत्र प्रकाशकाने त्याच्या कॉमिकसाठी साडेचौदा लाख डॉलर लोकवर्गणी जमवली. साहेबांची एका सिनेमातली मोटारसायकल विकली असती तरी काही खर्च निघाला असता. २०२४ मध्ये ‘बूम’ पेंग्विन रँडम हाउसने विकत घेतलं. तरी दुकानातल्या खणावरची ‘स्वतंत्र’ची पाटी काही हलत नाही.

आपल्याकडे काय? आपल्याकडे स्वातंत्र्याची कमतरता कधीच नव्हती, कारण लुबाडायलाही कुणी फिरकलं नाही. ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये निघालं, विषय नर्मदा आणि तिच्यावरचं धरण. छापलं कुणी, तर ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवाल्या संस्थेने. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून तिचं नाव सगळे घ्यायचे आणि पुस्तक कुठेच मिळायचं नाही, असं जवळपास तीन दशकं चाललं. शेवटी चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने ते पुन्हा काढलं. २०११ मध्ये दिल्लीच्या ‘नवयान’ने ‘भीमायन’ काढलं. बाबासाहेबांचा सातारा-गोरेगावचा प्रवास आणि महाडचं तळं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांच्या हातचं, चौकटींचे चौकोन मोडून टाकलेलं. गोष्ट साताऱ्याची, महाडची. काढली दिल्लीने, रंगवली मध्य प्रदेशाने. महाराष्ट्राने तोवर काय केलं? जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ किती ग्रेट होता यावर लेख लिहिले.

ही आपली खास गंमत. जुन्या वेताळाच्या फाटक्या अंकाला मागेल ती किंमत द्यायला पन्नाशीचे काका तयार असतात. नवं बत्तीस पानी कॉमिक दोनशे रुपयांना म्हटलं की त्यांना एकदम पानं मोजायची बुद्धी होते. मुंबईच्या कॉमिक कॉनला जाऊन बघा. अंगभर कार्डबोर्डची चिलखतं घातलेली पोरं, सेल्फी, गर्दी. मधल्या रांगेत चित्रकारांची टेबलं. टेबलावर काळं कापड, स्वतः छापलेल्या अंकांच्या चार उभ्या थप्प्या, पैसे स्कॅन करायचा फलक आणि पुढे स्टिकरांचे ताव. गिऱ्हाईक येतं, अंक उचलतं, उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं. चित्रकार चेहऱ्यावर हसू ठेवून उभा. वाचून झालं की ‘भारी आहे’ म्हणतं, अंक जागेवर ठेवतं, तोही उलटा, आणि मांजराचं एक स्टिकर घेऊन पुढे जातं. स्टिकर म्हणजे त्या अंकाची छपाई फेडणारं खातं. आणि ही जत्रा २०२४ पासून एका गेमिंग कंपनीच्या मालकीची आहे, म्हणजे बाबागाडी लावायची तरी जागेचं भाडं कुणाला द्यायचं ते ठरलेलं आहे.

याच मेळ्यांतून २०१२ मध्ये अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ आली. मुंबईतली मराठमोळी मावशी, भ्रष्टाचाऱ्यांना सरळ करणारी. पुस्तक इंग्रजीत. किणींना दोष देण्यात अर्थ नाही, टेबलापुढून जाणारं गिऱ्हाईक ज्या भाषेत पैसे काढतं त्या भाषेत छापणं हाच या धंद्याचा नियम. मराठीत दिवाळी अंकांना व्यंगचित्रं चालतात, मानधन विचारलं नाही तर जास्त चालतात. सलग चित्रकथा म्हटली की संपादक ‘मुलांसाठी आहे का?’ विचारतात आणि मुलांचे संपादक ‘बोध काय?’ विचारतात. वाचनालयांच्या यादीत ती कुठल्या खणात टाकायची हे कुणाला कळत नाही, आणि विक्रेत्याला ती उभी ठेवली तर कणा दिसत नाही, आडवी ठेवली तर जागा जाते, अशी अडचण.

तरीही एखादी पोरगी निघेलच, मावशीला मराठीतून शिव्या घालायला लावणारी. सेंटर पिन मारून पाचशे प्रती काढेल, हक्क स्वतःकडे ठेवेल, स्कॅनरचा फलक लावेल. तेव्हा तिला प्रस्तावना, पुरस्कार आणि परिसंवादातलं आमंत्रण एवढं देऊन भागवू नका. चारशे प्रती ठेवायला कुणीतरी जागा दाखवा. पलंगाखालची कधीच भरली आहे.